‘नाइट वॉचमन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (शाळामास्तर, यवतमाळ जिल्हा):
क्रिकेटच्या समालोचनात ‘नाइट वॉचमन आला आहे’ असे ऐकल्यावर सातवीच्या मुलांनी विचारले की, रात्री तर खेळ बंद असतो, मग हा पहारा कशाचा? ‘रात्रपहारेकरी’ हा शब्द सांगितला, पण तो त्यांना बँकेच्या दारावरचा वाटला. नेमका अर्थ आणि चपखल शब्द कुणी सुचवेल काय?

उत्तर (जामठ्याचा प्रेक्षक):
अनेक दिवस चालणाऱ्या कसोटी सामन्यात दिवसाची थोडी षटके उरली असताना गडी बाद झाला, तर मंद उजेडात आघाडीचा फलंदाज गमावू नये म्हणून तळाच्या खेळाडूला आधी पाठवतात. त्याने धावा काढाव्यात ही अपेक्षा नसते, खेळ थांबेपर्यंत टिकावे एवढीच असते. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सलामीचा के. एल. राहुल बाद झाल्यावर गोलंदाज अश्विन असाच आला होता. एकदिवसीय सामना त्याच दिवशी संपत असल्याने तिथे हा प्रकार नाही.

उत्तर (तूर-हरभरा):
मग आपल्याकडचा ‘जागल्या’ का नको? हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्या धास्तीने आपण मचाणावर जागलीला जातो. त्या रात्री पीक वाढत नाही, आहे ते सकाळपर्यंत राहते, एवढेच. फरक इतकाच की आपण स्वतःचे शेत राखतो आणि हा बिचारा दुसऱ्याची विकेट राखायला स्वतःची पणाला लावतो.

उत्तर (जुना क्रिकेटवेडा):
शब्द पटला, पण ‘एवढेच’ हे पटले नाही. १९७९ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपले यष्टिरक्षक किरमाणींनी याच भूमिकेत नाबाद १०१ धावा केल्या, तर २००६ मध्ये बांगलादेशातल्या चितगावला ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज गिलेस्पीने नाबाद २०१. मला मात्र ही युक्ती फारशी रुचत नाही. जागल्याच बाद झाला, तर ज्याला लपवले त्यालाच त्या संध्याकाळी बाहेर यावे लागते आणि गडी दोन जातात.

प्रश्नकर्ता:
‘जागल्या’ म्हणताच मुलांना सगळे समजले. फक्त एकाची शंका उरली: जागल्या तांबडे फुटल्यावर घरी येतो, मग अश्विन सकाळी पुन्हा का खेळत होता?

उत्तर (तूर-हरभरा):
त्याला सांगा, क्रिकेटमधल्या जागल्याला बाद झाल्याशिवाय मचाण सोडता येत नाही. अश्विन दुसऱ्या दिवशी २३ धावा करून मगच उतरला.