घरात दुसरा टीव्ही कसा जोडलात? कोकणातल्यांनो, अनुभव लिहा

मंडळी, चतुर्थी जवळ आली. चाकरमानी आले की ओटीवर बातम्या, माजघरात मालिका आणि माडीवर क्रिकेट, सगळं एकाच वेळी हवं असतं. डिश मात्र एकच. तुम्ही काय जुळवलंत, कटकटींसकट लिहा.

गुहागर
आमच्याकडे दोन्ही खोल्यांत एकच चॅनल चालतो, म्हणून दुसरा बॉक्स घेतला नाही. एचडीएमआय ओटीवरच्या टीव्हीला आणि बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर स्वयंपाकघरातल्या जुन्या डब्याला. चित्र जरा पुसट येतं, पण भाकऱ्या थापताना कोण बघतंय! चॅनल बदलायचा तर आतून हाक मारावी लागते, एवढंच.

मालवण
आमच्या आजोबांना ता चालाचा नाय. "माका बातम्यो बघूच्यो आसत, तुमची सासवा-सुनांची भांडणां नकोत!" वेगळे चॅनल हवेत तर बॉक्स दोन, आणि डिशसमोरचा एलएनबी (सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा डबा) ट्विन, म्हणजे दोन आउटपुटचा. दुकानदार एका केबलच्या दोन करणारा साधा स्प्लिटर गळ्यात मारतात, त्याने भागत नाही. बॉक्स एलएनबीला 13 व्होल्ट देतो तेव्हा उभ्या ध्रुवीकरणाचे (म्हणजे उभ्या लहरींवरचे) चॅनल येतात, 18 दिले की आडव्या. एकाच केबलवर दोघांनी वेगवेगळं मागितलं तर 18 वाला जिंकतो. म्हणजे माडीवर पोरांनी क्रिकेट लावलं की खाली आजोबांच्या बातम्या गुल, आणि शिव्या आम्हाला. प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून स्वतंत्र केबल ओढा. तीन-चार टीव्ही असतील तर क्वाड, म्हणजे चार आउटपुटचा घ्या.

श्रीवर्धन
जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलांसोबत डिशही गेली. नवी डिश छपरावर नाही, खळ्याच्या कडेला चिऱ्याच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळली. पावसात सहज हात पोचतो. खाऱ्या वाऱ्याने केबलच्या टोकाचा कनेक्टर हिरवा पडतो. चित्राचे चौकोन व्हायला लागले की आधी तिथे बघा. एका टेक्निशियनने ते न बघताच बॉक्स बदलायला लावला होता. नवीन टोक बसवून वर रबरी टेप गुंडाळली, काम झालं. मुसळधार पावसात केयू बँडचा, म्हणजे डिश ज्या लहरींवर चालते त्यांचा, सिग्नल पडतो तेव्हा मात्र सगळ्या खोल्या एकदम बंद, तिथे दुसरा बॉक्सही काही करू शकत नाही.

देवगड
पैशांचं कोणीच बोललं नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2020 च्या नियमाने दुसऱ्या टीव्हीच्या नेटवर्क शुल्काला, म्हणजे चॅनलच्या पैशांखेरीज जोडणीसाठी दर महिन्याला पडणाऱ्या आकाराला, पहिल्याच्या 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2024 मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच उठली. तेव्हा दुसऱ्या बॉक्सचं महिन्याचं बिल आधी विचारा, आणि वर्षातून दहा दिवसांसाठी ते भरायचं का तेही ठरवा. आम्ही माडीवर डीडी फ्री डिश लावली. बॉक्स आणि डिश एकदाच विकत घेतली, महिन्याला काही नाही. ती मात्र 93.5 अंश पूर्वेकडच्या जीसॅट-15 वर रोखावी लागते, म्हणजे दुसऱ्या उपग्रहावर लावलेली कंपनीची डिश तिला चालत नाही.

रत्नागिरी
फायबर आल्यापासून आतल्या टीव्हीवर ॲप. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय लंगडतं, म्हणून लॅन केबलच टाकली.

वेंगुर्ला
केबल कुठलीही टाका, पाइपातूनच न्या. बाहेरून मोकळी सोडलीत तर वानरं लोंबकळतात.