म्हणे गोळीवाल्याला दारू बाधत नाही!

औषधवाला: खलाशांच्या धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलंय, ‘ट्रामाडॉलची सवय असेल तर दोन पेग जास्त लागतात, पण बाधत नाहीत. अंग मुरलेलं असतं.’ ट्रामाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी. काय मुरतं ते तरी बघा. गोळीची झिंग आणि गुंगी लवकर बोथट होते. श्वास मंदावण्याला शरीर तेवढं सरावत नाही. म्हणून माणूस सरळ चालतो, नीट बोलतो आणि झोपेत श्वास मंद होत जातो. दारूही श्वास दाबते, पण वेगळ्या वाटेने. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. ‘चढली नाही’ म्हणून आणखी ओतायची ती यावर.

माडाखालचा: कोणी सांगितल्यान तुका? इथे लोक माडी पितात, क्वार्टर नाही.

दर्यावर्दी: पाच टक्क्यांची माडी लिटरभर प्यायली की ४० ग्रॅम झाले. शिवाय ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. दिवसाला ४०० मिग्रॅच्या वर गेलं की धोका वाढतो, रोजचा पिणारा अचानक दारू तोडतो तेव्हा आणखीच. ट्रामाडॉलच्याच गोळीत पॅरासिटामॉल मिसळलेलं असेल तर यकृतालाही धोका आला. आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत गोळी सुटली असेल, तर ऑगस्टला जुनाच डोस घेऊ नका. सराव उतरलेला असतो, त्यात नारळी पौर्णिमेची बाटली.

माडाखालचा: मुळात गोळ्या देतं कोण? मेडिकलवाले!

औषधवाला: आलात मूळपदावर. २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय देणारा गुन्हेगारच, पण सगळ्यांना एका जाळ्यात ओढू नका.

माडाखालचा: चिठ्ठी मागतो कोण? जाळी ओढून कंबर मोडलेला माणूस काउंटरवर आला की स्ट्रिप पुढे सरकते.

दर्यावर्दी: काउंटरचंच काढलंत तर त्याहून वाईट ऐका. ‘दारू सोडायची गोळी’ म्हणून नाल्ट्रेक्सोन मागतात. दारूची मजा काही अंशी शरीरातल्या अफूसदृश रसायनांतून येते. ५० मिग्रॅची ही गोळी तीच वाट अडवते. पण ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखं अफूवर्गीय औषध चालू असेल तर घाम, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं, सगळं तासाभरात. आधी ७ ते १० दिवस अफूवर्गीय औषध बंद हवं.

माडाखालचा: मग ब्युप्रेनॉर्फिन घ्या आणि प्या निवांत!

औषधवाला: उपरोध पुरे. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय व्यसन सोडवायला देतात ते औषध, तेही अफूवर्गीयच. एकट्या ब्युप्रेनॉर्फिनने श्वास दबण्याला बऱ्यापैकी मर्यादा असते, दारू मिसळली की ती भरवशाची राहत नाही. हाक मारूनही उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घरघर वेगळीच वाटत असेल तर लिंबूपाणी, ताक पाजू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने द्या. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध अफूवर्गीय गोळीचा परिणाम उलटवतं, दारूचा नाही. तेही अर्ध्या ते दीड तासात उतरतं, म्हणून ‘शुद्धीवर आला’ म्हणत घरी आणू नका.

माडाखालचा: बरं बाबा, श्वासाचं मान्य. मेडिकलवाल्यांचं नाही.

औषधवाला: त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.