शब्दचर्चा: ‘ग्राउस’ म्हणजे तक्रार की कुरकुर?

प्रश्न

मंडळी, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या आठवणी मराठीत आणायचं काम हाती घेतलंय. त्यात ‘ग्राउस’ हे क्रियापद पानोपानी भेटतं. चिखल, पाऊस, टिनमधलं गोमांस, सार्जंट, कशाहीवरून शिपाई ‘ग्राउस’ करतात. कोशात अर्थ दिलाय ‘तक्रार करणे’. पण ‘शिपायांनी तक्रार केली’ असं लिहिलं की पुढच्या ओळीत आता चौकशी लागणार असं वाटतं, आणि तिथे तर ते निमूट खंदक खणत असतात. काय लिहावं? ग्राउस नावाचा एक पक्षीही आहे, त्याच्याशी काही नातं?

उत्तर

ताई, पक्ष्याचं आधी उरकतो. तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या माळांवरचा शिकारीचा पक्षी. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याचं नाव सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि त्याचा या क्रियापदाशी संबंध असल्याचा कुठलाही पुरावा नाही. पक्षी कुरकुरतो म्हणून शब्द आला, ही मागाहून जुळवलेली गोष्ट.

क्रियापद बरंच अलीकडचं आहे. १८८० च्या दशकात ते ब्रिटिश सैन्याच्या बोलीत दिसू लागतं. उगम नक्की ठरलेला नाही, पण जुन्या फ्रेंचमधल्या ‘कुरकुरणे’ या अर्थाच्या ‘ग्रुसिए’ शब्दाशी त्याचं नातं असावं असा कयास आहे. त्याच फ्रेंच शब्दावरून मध्ययुगीन इंग्रजीत ‘ग्रच’ आला, त्याचंच रूप पुढे ‘ग्रज’ झालं. आज ‘ग्रज’ म्हणजे मनात धरलेला आकस. पूर्वी मात्र तो तोंडाने बोलून दाखवायचा शब्द होता. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये एरियल आपल्या धन्याला सांगतो की मी तुझी चाकरी ‘ग्रज’ आणि ‘ग्रंबलिंग’ न करता केली. १६११ च्या इंग्रजी बायबलात ५९ व्या स्तोत्रात पोट न भरलेले लोक ‘ग्रज’ करतात, म्हणजे कुरकुरतात. पुढे हा शब्द ओठांवरून मनात उतरला आणि तिथेच राहिला. अमेरिकेत ‘ग्राउच’ उरला, तोही याच घराण्यातला: सदा त्रासलेला, चिडका माणूस.

‘ग्राउस’ छापील इंग्रजीत ओळखीचा करण्यात किपलिंगचा मोठा वाटा. १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला आणि पुढे लाहोर-अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत काम केलेला हा माणूस. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांची बोली त्याने कानांनी टिपली होती. ‘द यंग ब्रिटिश सोल्जर’ या १८९० च्या कवितेत नव्या रंगरुटाला उपदेश आहे: सार्जंटने जादा कामाला जुंपलं तर बाईसारखं ‘ग्राउस’ करू नकोस. त्यातली ‘बाईसारखं’ ही उपमा मला मुळीच पटत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे. इथे अर्ज नाही, फिर्याद नाही. काम तर करायचंच आहे, तोंड चालवायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. म्हणून माझं मत ठाम आहे: ‘कुरकुर’ लिहा.

माजी लष्करी अधिकारी

सरांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा. लष्करात तक्रार ही वेगळीच गोष्ट असते. ब्रिटनच्या १८८१ च्या आर्मी ॲक्टमध्ये शिपायाने तक्रार कुणाकडे आणि कशी न्यायची याचं स्वतंत्र कलम होतं. आपल्या १९५० च्या सेना कायद्यातही कलम २६ आणि २७ त्याचसाठी आहेत. तक्रारीला ठरलेला मार्ग असतो, वरिष्ठाला ती ऐकून घ्यावी लागते, तिचा निकाल लागतो.

कुरकुरीला निकाल नको असतो. रात्रभर चालून आलेला जवान बूट काढताना जे बोलतो ते कुणी लिहून घ्यावं अशी त्याचीही इच्छा नसते. चांगला अधिकारी ते ऐकतो आणि ऐकलंच नाही असं वागतो. तुकडी कुरकुरते आहे तोवर मला कधी काळजी वाटली नाही. सगळे एकदम गप्प झाले की मात्र मी सुभेदारसाहेबांना बोलावून घ्यायचो.

नेपोलियनच्या ओल्ड गार्डच्या शिपायांचं टोपणनावच ‘ग्रोन्यार’ होतं, म्हणजे कुरकुरे. सम्राटासमोर बोलायची मुभा त्या जुन्या लढवय्यांना होती. रॅफे नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या एका शिळाछापाखाली ओळ आहे: ते कुरकुरायचे, आणि तरी त्याच्या मागे चालतच राहायचे. ताई, तुमच्या खंदकातल्या शिपायांचं वर्णन याहून नेमकं मला करता येणार नाही.

भर

‘तक्रार’ या शब्दाबद्दल थोडं. हा अरबी ‘तकरार’. मूळ अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणं. उर्दू-हिंदीत येता येता त्याचा अर्थ वादावादी, भांडण असा झाला. हिंदी गाण्यांतली ‘तकरार’ म्हणजे प्रेमिकांची बाचाबाची. फिर्यादीला तिथे ‘शिकायत’ म्हणतात. मराठीने मात्र त्याला कचेरीत नेऊन बसवलं: तक्रार अर्ज, तक्रारदार, तक्रार निवारण. म्हणून तुम्हाला चौकशी लागल्यासारखं वाटतं, आणि ते अगदी बरोबर आहे.

‘कुरकुर’ला भाषांतरातली परंपराही आहे. इस्राएल लोक रानात मोशेविरुद्ध बोलू लागतात तिथे इंग्रजी बायबलात ‘मर्मर’ हे क्रियापद आहे आणि मराठी बायबलात कुरकुर. ‘मर्मर’ लॅटिनमधून आलेला, आवाजावरून घडलेला, तेच अक्षर दोनदा घेणारा शब्द. आपला ‘कुरकुर’ही तसाच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मग ‘कुरकुर’ नक्की. पण पानोपानी तेच आलं तर वाचकाला कंटाळा येईल. कुरबुर, धुसफूस, पिरपिर, रडगाणं असं आलटून पालटून चालेल का? आणि आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘शेतकऱ्यांचा ग्राउस’, ‘आमदारांचा ग्राउस’ असे मथळे येतात. तिथे कुरकुर म्हणणं शेतकऱ्यांवर अन्याय होईल असं वाटतं.

उत्तर

ताई, आलटून पालटून नको. हे शब्द एकमेकांच्या जवळ राहतात, पण एक नाहीत. कुरबुरीला दुसरी बाजू लागते: भावाभावांत, सासूसुनेत, युतीतल्या पक्षांत. धुसफूस आत कोंडलेली असते, ती कधीतरी भडकणार अशी धास्ती त्या शब्दातच आहे. पिरपिर ऐकणाऱ्याला नकोशी होते. ती इंग्रजी ‘व्हिंज’च्या जवळची. ‘व्हिंज’ करणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याला तिटकारा असतो. ऑस्ट्रेलियात इंग्लंडहून आलेल्या माणसाला ‘व्हिंजिंग पॉम’ म्हणतात ते हिणवण्यासाठीच. रडगाणं तर ज्याने त्याने स्वतःचंच गायचं असतं. खंदकातली कुरकुर सामायिक आहे, सगळ्यांचा चिखल एकच. फार तर अधूनमधून ‘करवादणं’, ‘बडबडत राहणं’ वापरा, किंवा सरळ प्रसंग दाखवा: कुणी पावसाला शिव्या घालतोय, कुणी स्वयंपाक्याला. आणि खरं सांगायचं तर कंटाळ्याला इतकं भिऊ नका. मूळ लेखकानेही तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरलाय, कारण त्यांचे दिवस तसेच होते.

मथळ्यांबद्दल तुमचा कान अचूक आहे. इंग्लंडच्या बोलण्यात ‘ग्राउस’ हलका असतो. भारतीय इंग्रजीत त्याचं नाम फार चालतं आणि ते जड झालंय: अमुकाचा अमुकाविरुद्ध ग्राउस आहे, म्हणजे खरी, धरून ठेवलेली नाराजी. मथळ्यात लांब शब्द मावत नाही, हेही कारण असणार. अशा ठिकाणी आमदारांसाठी ‘नाराजी’ पुरेल. शेतकऱ्यांसाठी मी ‘गाऱ्हाणं’ घेईन.

भर

गाऱ्हाण्याला माझं अनुमोदन, मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गावकरी हात जोडून उभे, एकजण मोठ्याने देवाला सांगतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात अडचण सांगायची असते आणि ती दूर कर असं मागणंही असतं. गौळणींत गोपी कृष्णाच्या खोड्यांचं गाऱ्हाणं घेऊन यशोदेकडे जातात, तिथेही समोर ऐकणारं कुणीतरी आहे आणि त्याने काही करावं ही अपेक्षा आहे. भाव पडल्याचं सांगणारा शेतकरी तेच करत असतो. म्हणून हा शब्द खंदकातल्या शिपायांना मात्र देऊ नका. तिथे ऐकून काही करणारं कुणी नव्हतं.