हिवाळ्यातला बेसबॉल : खेळाडूंचे पगार, स्टेडियमचा खर्च आणि आपले अनुभव

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सराव शिबिरे सुरू होतात. मधल्या काळात मैदानावर काहीच घडत नाही, पण संघाचे पुढच्या काही वर्षांचे भवितव्य याच महिन्यांत ठरते. कोणाला करारबद्ध केले, कोणाला दुसऱ्या संघाकडे पाठवले, मालकाने पगारांवर किती खर्च केला आणि नव्या स्टेडियमसाठी सरकारकडे किती मागितले, याची चर्चा अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता मनापासून होते. मुलांमुळे हा खेळ घरात आला आणि मग आईवडीलही त्यात गुंतले, अशी कुटुंबे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आपल्या शहरात काय घडले आणि त्याविषयी आपल्याला काय वाटते, ते कृपया सविस्तर लिहावे. मतभेद अवश्य असावेत. सुरुवात मी करते.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आम्ही येथे घर घेतले तेव्हा ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा संघ आमच्याच गावात येणार, अशी बोलणी चालू होती. नोव्हेंबर २००६ मध्ये सिस्को कंपनीच्या सहकार्याने गावाच्या दक्षिण भागात स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर झाली. आधी तिथल्या मोठ्या दुकानांनी आणि नंतर रहिवाशांनी हरकती घेतल्या आणि फेब्रुवारी २००९ मध्ये संघाने ती योजना सोडून दिली. त्यानंतर सॅन होजेचा विचार झाला. त्या भागावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या दुसऱ्या संघाचा प्रादेशिक हक्क असल्यामुळे सॅन होजे शहराने खटला भरला, पण ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. पुढे ओकलंड बंदरालगतची हॉवर्ड टर्मिनलची जागा आली, तिचा पर्यावरण अहवालही नगर परिषदेने मंजूर केला आणि एवढे सगळे झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये लास व्हेगासची घोषणा झाली.

या साऱ्या वर्षांत चाहत्यांना एकच गोष्ट ऐकवली गेली : ओकलंडच्या जुन्या कोलिझियम स्टेडियममधून पुरेसे उत्पन्न मिळत नाही, म्हणून चांगले खेळाडू राखणे परवडत नाही. मार्च २०२२ मध्ये मालकांनी खेळाडूंवर लादलेली टाळेबंदी उठली आणि आठवडाभरात ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सकडे, मॅट ओल्सन अटलांटाकडे आणि मॅट चॅपमन टोरोंटोकडे गेला. एप्रिलमध्ये शॉन मनाया सॅन डिएगोला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅचर शॉन मर्फीही अटलांटाला गेला. माझ्या मुलाच्या खोलीत चॅपमनचे पोस्टर होते. तो निघून गेल्याचे दुःख मुलाला झाले नाही असे नाही, पण आपला संघ त्याला ठेवण्याचा प्रयत्नदेखील करत नाही, ही गोष्ट त्याला अधिक लागली. २०२३ मध्ये हा संघ ११२ सामने हरला. आधी संघ मोडायचा, मग प्रेक्षक येत नाहीत म्हणायचे आणि त्या रिकाम्या खुर्च्या दाखवून दुसऱ्या राज्याकडे पैसे मागायचे, हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे ओकलंडच्या लोकांना संघाचे प्रेम नव्हते असे कोणी म्हटले की मला ते सहन होत नाही.

१३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. संघ विका ही मागणी करण्यासाठी घरी न बसता सर्वांनी मैदानावर यावे, असे आवाहन होते. आम्ही बार्ट या लोकल रेल्वेने कोलिझियम स्थानकावर उतरलो. स्थानकापासून मैदानापर्यंत जाणाऱ्या पुलावर पाण्याच्या बाटल्या, शेंगा आणि हॉट डॉग विकणारे नेहमीप्रमाणे उभे होते, पण इतकी गर्दी त्या पुलावर कित्येक महिन्यांत झाली नव्हती. ‘विका’ असा एकच शब्द छापलेले हिरवे टी-शर्ट दारात फुकट वाटले जात होते. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवरचे ढोलवाले असे वाजवत होते की मला लक्ष्मी रस्त्यावरचे पथक आठवले. २७,७५९ प्रेक्षक आले, संघाने टॅम्पा बेला २-१ असे हरवले आणि तो त्यांचा सलग सातवा विजय होता. दोनच दिवसांनी नेवाडाच्या राज्यपालांनी स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीच्या कायद्यावर सही केली, आणि नोव्हेंबरात लीगमधल्या सर्व ३० संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली. ज्यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ संघ जपला, त्यांना या निर्णयात कोठेही विचारले गेले नाही.

लीज समिट, मिसुरी

फ्रीमाँटच्या ताईंनी लिहिलेले वाचून मला मुद्दाम सांगावेसे वाटते की ओकलंडला मिळालेला हा संघ मुळात आमच्याकडून गेला होता. १९६७ च्या हंगामानंतर अ‍ॅथलेटिक्स आमच्या शेजारचे कॅन्सस सिटी सोडून ओकलंडला गेले आणि १९६९ मध्ये आम्हांला रॉयल्स मिळाले. संघ जाऊ शकतो, ही भीती येथील वयस्कर माणसांच्या मनात आजही आहे आणि स्टेडियमच्या प्रत्येक मागणीमागे तिचा वापर होतो.

आमच्याकडे निदान लोकांना विचारले गेले. आमच्या जॅक्सन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तीन-अष्टमांश टक्के विक्रीकर स्टेडियमांसाठी आधीपासून आहे आणि तो २०३१ पर्यंत चालणार आहे. त्याच्या जागी तेवढाच कर ४० वर्षांसाठी लावून त्यातून रॉयल्सचे नवे स्टेडियम शहराच्या मध्यवस्तीत बांधावे आणि चीफ्स या फुटबॉल संघाच्या स्टेडियमची डागडुजी करावी, असा प्रस्ताव २ एप्रिल २०२४ रोजी मतदानाला आला. त्याआधीच्या हिवाळ्यात रॉयल्सने जे केले, ते आम्ही कधी पाहिले नव्हते. आदल्या हंगामात १०६ सामने हरलेल्या या संघाने सेथ लूगो आणि मायकेल वाका हे दोन अनुभवी पिचर (चेंडू टाकणारे) घेतले आणि फेब्रुवारीत बॉबी विट ज्युनियर याच्याशी ११ वर्षांचा, २८ कोटी ८० लाख डॉलरहून मोठा करार केला. मतदान तोंडावर आले म्हणून हा खर्च झाला, असे माझे सहकारी म्हणत. मला तसे ठामपणे म्हणता येत नाही. विटचा करार हा खेळाच्या दृष्टीनेच योग्य होता आणि पुढे त्या हंगामात संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, विट लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला आणि लूगो सर्वोत्तम पिचरसाठीच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला.

तरीही सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. नव्या जागेवरची छोटी दुकाने आणि उपाहारगृहे उठणार होती, संघ स्वतः किती पैसे घालणार याचा तपशील पुरेसा स्पष्ट नव्हता आणि १९७३ चे कॉफमन स्टेडियम लोकांना आजही आवडते. त्याच्या कारंज्यांसमोर माझ्या मुलीने पहिल्यांदा स्कोअरकार्ड भरले.

माझी स्वतःची स्थिती मात्र वेगळी आहे आणि ती येथील बऱ्याच वाचकांची असेल. मी ग्रीनकार्डच्या रांगेत आहे. दूध, कपडे, फर्निचर, जे काही येथे घेतो त्यावर हा कर मी भरतो, पण मतदानाच्या दिवशी मला मत नव्हते. माझ्या शेजाऱ्यांनी मतदानाला जाण्यापूर्वी माझे मत आवर्जून विचारले आणि मी प्रस्तावाच्या विरोधात बोललो. संघावर माझे प्रेम आहे, पण ४० वर्षांचा कर आजच्या मालकाच्या शब्दावर मान्य करणे मला पटले नाही.

मिनिआपोलिस, मिनेसोटा

मला सार्वजनिक पैसा सरसकट चुकीचा वाटत नाही. आमच्या ट्विन्स संघाचे टार्गेट फील्ड हे स्टेडियम २०१० मध्ये सुरू झाले आणि त्यासाठी हेनेपिन काउंटीने ०.१५ टक्के विक्रीकर लावून ३५ कोटी डॉलर उभे केले. शंभर डॉलरच्या खरेदीवर पंधरा सेंट, तेही किराणा आणि कपडे वगळून, हा भार कोणाच्याही अंगावर आलेला नाही. त्याच करातून वाचनालये अधिक वेळ उघडी राहतात आणि मुलांच्या क्रीडांगणांना अनुदान मिळते. आमच्या भागातल्या वाचनालयात मराठी मंडळी मुलांना घेऊन जातात, तेव्हा त्यामागे हाही पैसा आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. लोकांचे सार्वमत टाळण्याची मुभा विधिमंडळाने २००६ मध्ये दिली, ती मात्र मला तेव्हाही खटकली होती.

माझी तक्रार नंतरच्या वागण्याबद्दल आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्विन्सने प्लेऑफमधली सलग १८ पराभवांची मालिका तोडली, २००२ नंतर प्रथमच एक फेरी जिंकली, आणि शहरात जो उत्साह आला तो मी येथे आल्यापासून पाहिला नव्हता. त्यावर पुढे काही उभारण्याऐवजी त्याच हिवाळ्यात पगारांचा खर्च कमी केला गेला. सनी ग्रे सेंट लुईसला गेला, होर्हे पोलांको सिअ‍ॅटलला गेला. सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिनीच्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती आणि त्यामुळे उत्पन्न अनिश्चित झाले, हे कारण खरे आहे. पण उत्पन्न घटले की खेळाडू जातात, कर मात्र चालूच राहतो, हे करदात्याने किती काळ मान्य करावे? जुलै २०२५ मध्ये कार्लोस कोर्रेआसह निम्मा संघ काही दिवसांत वाटून टाकला गेला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

पिट्सबर्ग, पेन्सिल्व्हेनिया

मिनिआपोलिसच्या मित्रांचा मुद्दा मी आदराने खोडून काढतो. नवे स्टेडियम मिळाले की संघ खर्च करू लागेल, या आश्वासनाची कसोटी पाहायची असेल तर आमच्या शहराकडे पाहावे. नोव्हेंबर १९९७ मध्ये येथील अकरा काउंट्यांतल्या मतदारांनी स्टेडियमांसाठीचा वाढीव विक्रीकर फेटाळला. त्यानंतर आधीपासूनच चालू असलेल्या प्रादेशिक करातून पैसा वळवण्याची दुसरी योजना आखली गेली आणि २००१ मध्ये आमच्या पायरेट्स संघाचे पीएनसी पार्क उघडले. मैदान अप्रतिम आहे, यात शंका नाही. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटी पूल वाहनांना बंद करतात, त्या पिवळ्या पुलावरून नदी ओलांडत चालत जायचे आणि वरच्या बाकांवरून शहराच्या इमारती पाहायच्या, हा आनंद मी भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दिला आहे.

पण पायरेट्स १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम पराभवाच्या बाजूला राहिले, म्हणजे त्यांतले बारा हंगाम या नव्या मैदानावर गेले. २०१३ ते २०१५ ही तीन वर्षे प्लेऑफ पाहायला मिळाले आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅकचन या दोघांना दुसरीकडे पाठवले गेले. इतर संघांच्या उत्पन्नातून लहान शहरांच्या संघांना जो वाटा मिळतो, तो मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठीच वापरावा असे खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेले आहे. आज आमच्याकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर आहे, २०२५ चा साय यंग त्याने एकमताने जिंकला, आणि येथील प्रत्येक चाहता तो किती वर्षे राहील याचा हिशेब आतापासून करतो आहे. सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू दुसऱ्या संघाशी करार करायला मोकळा होत नाही, म्हणून तो येथे आहे. त्याच्याभोवती संघ उभा करायला हीच वर्षे आहेत. स्टेडियमच्या करारातच पगारांवरच्या किमान खर्चाची अट असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया

मी डॉजर्सचा चाहता आहे आणि इतर संघांचे लोक आम्हांला दोष देतात, म्हणून लिहितो. या खेळात पगारांवर कमाल मर्यादा नाही. ठरावीक रक्कम ओलांडली की कर लागतो आणि २०२५ साठी ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. शोहेई ओहतानीच्या ७० कोटींच्या करारातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे आहेत. ही पद्धत नियमांत आहे आणि कोणत्याही संघाला खुली आहे. मालक मिळालेला पैसा खेळाडूंवर लावतात, हा गुन्हा कसा होतो? मात्र आमचे स्टेडियम खाजगी पैशातून बांधले, असे अभिमानाने सांगताना त्याच्या जागेवरच्या, म्हणजे चावेझ रवीन येथील ज्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना तेथून काढले गेले त्यांचा उल्लेखही व्हावा. १९५९ मध्ये शेवटच्या घरांतली माणसे पोलिसांनी उचलून बाहेर आणली होती. सार्वजनिक पैसा लागला नाही, याचा अर्थ लोकांनी किंमत मोजली नाही असा होत नाही.

पुणे

मुलगा अमेरिकेत शिकायला गेल्यापासून मी सकाळच्या चहाबरोबर हे सामने पाहतो. आयपीएलमध्ये २०२५ च्या लिलावासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, त्यामुळे बेसबॉलमधली तफावत मला प्रथम अनाकलनीय वाटली. पण मर्यादा घालून चाहत्यांचे सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला, नंतरचा पुण्याचा संघ दोनच हंगाम खेळला आणि आम्ही गहुंज्याला जाऊन इतरांचे सामने पाहिले. ओकलंडच्या लोकांचे दुःख मला म्हणून कळते.

फॉल्सम, कॅलिफोर्निया

अ‍ॅथलेटिक्स सध्या आमच्याकडे, वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये खेळतात. हे मुळात दुय्यम दर्जाच्या संघाचे मैदान आहे, जेमतेम चौदा हजार प्रेक्षक मावतात आणि संघाने आपल्या नावात कोणत्याही शहराचे नाव ठेवलेले नाही. गंमत नव्हे, गांभीर्याने सांगतो : जो संघ ओकलंडमध्ये कोणालाच ठेवू शकत नव्हता, त्याने येथे येण्याच्या हिवाळ्यात लुईस सेव्हरिनोशी तीन वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरचा, ब्रेंट रूकरशी पाच वर्षांचा ६ कोटींचा आणि लॉरेन्स बटलरशी सात वर्षांचा ६ कोटी ५५ लाखांचा करार केला. निक कर्ट्झ आपल्या लीगमधला २०२५ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. आता संघ पाहण्यासारखा आहे.

माझ्या घरी यावरून मतभेद आहेत. पत्नी ओकलंडमध्ये नोकरी करत होती आणि २६ सप्टेंबर २०२४ च्या कोलिझियममधल्या शेवटच्या सामन्याला, ४६,८८९ लोकांत, ती होती. तिने येथे एकही तिकीट विकत घ्यायचे नाही असे ठरवले आहे. मुलांना कर्ट्झ पाहायचा असतो. मी मुलांना नेतो, पण संघाच्या दुकानातून काही घेत नाही, आणि लास व्हेगासचे स्टेडियम २०२८ मध्ये तयार झाले की हेही संपेल हे मुलांना आधीच सांगितले आहे. ज्यांच्या घरी असाच पेच आहे, त्यांनी तो कसा सोडवला ते अवश्य लिहावे.