शब्दचर्चा : 'अकॉन्ड्राइट'ला मराठीत काय म्हणावं?

घोडबंदरकर : ठाण्यात शाळकरी मुलांसाठी अशनींचं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचं, छोटं प्रदर्शन भरवतोय. तक्त्यावर कॉन्ड्राइटला 'कणयुक्त' आणि अकॉन्ड्राइटला 'कणविरहित' अशनी लिहिलं तर चालेल का?

नेरूळची ताई : 'कणविरहित' नकोच. अकॉन्ड्राइटसुद्धा खनिजांच्या कणांचाच दगड असतो हो. त्यात नसतात ते कॉन्ड्रूल, म्हणजे वितळलेल्या थेंबांचे थिजून झालेले गोळे. सहसा मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरोक्सीन या खनिजांचे. मूळ लघुग्रह आतून वितळला की हे गोळे विरघळून जातात आणि तो वितळ थिजून अकॉन्ड्राइट होतो. मी 'गोलिकायुक्त' आणि 'गोलिकाहीन' लिहीन. एक सांगून ठेवते, कुणी ना कुणी पारसिकच्या डोंगरातला काळा दगड अशनी समजून घेऊन येईलच. त्यातले पांढरे ठिपके म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांत साठलेली झिओलाइटसारखी खनिजं, गोलिका नव्हेत.

दगडधोंडे : ताई, 'गोलिका' झकास, पण 'गोलिकायुक्त' फसतो. 1864 साली फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेलमध्ये गोलिका जवळपास नाहीतच, तरी तो कॉन्ड्राइट! कारण हा वर्ग डोळ्यांना काय दिसतं एवढ्यावर ठरत नाही. सहज उडून जाणारी मूलद्रव्यं सोडली, तर ऑर्गेलची रासायनिक घडण सूर्याशी जुळते, म्हणजे तो अकॉन्ड्राइटसारखा वितळून थिजलेला नाही. त्यामुळे वर्गाचं नाव कॉन्ड्राइटच ठेवा, 'गोलिका' वर्णनात वापरा.

घोडबंदरकर : पटलं. आणि ऑब्राइट? गुजरातेत दियोदरला 2022 मध्ये पडला तो.

दगडधोंडे : त्याचं काय भाषांतर करणार? फ्रान्समधल्या ऑब्र गावावरून पडलेलं नाव आहे, तिथे 1836 साली असा दगड पडला. खाली एवढंच लिहा : 'दुर्मिळ अकॉन्ड्राइट, मुख्य खनिज एन्स्टाटाइट'. एन्स्टाटाइट म्हणजे मॅग्नेशियमचं सिलिकेट. यात लोह जवळपास नसतंच, म्हणून दगड आतून फिकट दिसतो. आपल्याकडे असाच एक 1852 साली उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ पडला होता. ओल्डहॅमाइट हे कॅल्शियम सल्फाइड प्रथम त्यातच सापडलं.

नेरूळची ताई : आणि हे ओल्डहॅमाइट दमट हवेत टिकत नाही, पाणी लागलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. खरा तुकडा मिळालाच तर प्रदर्शन जुलैत ठेवू नका बाबा.

घोडबंदरकर : फोटोच लावतोय!