एस्कलेट: तीव्र करणे, चिघळवणे की वर नेणे?

प्रश्न: एका बातमीचा अनुवाद करतेय. सीमेवरचा तणाव 'एस्कलेट' करायची दोन्ही देशांची इच्छा नाही, असं वाक्य आहे. कोशात 'तीव्र करणे' दिलंय, पण ते कानाला खटकतं. 'चिघळवणे' चालेल का?

उत्तर: 'तणाव वाढवायचा नाही' लिहा, बातमीला तेवढं पुरे. 'तीव्र करणे' हा 'इंटेन्सिफाय'चा प्रांत. वेदना तीव्र होते, आंदोलन तीव्र करतात. तिथे समोर कोणी असलंच पाहिजे असं नाही. 'एस्कलेट'मध्ये बहुतेक वेळा चढाओढ असते. तू एक पायरी चढलास, तर मी दोन चढतो.

पायऱ्या शब्दातच आहेत. 'एस्कलेटर' हे नाव चार्ल्स सीबर्गर यांनी सरकत्या जिन्यासाठी घडवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो जिना लोकांनी पाहिला. पुढे नाव इतकं सर्रास झालं की १९५० मध्ये हे जिने बनवणाऱ्या ओटिस कंपनीचा त्यावरचा ट्रेडमार्क रद्द झाला. क्रियापद या नामावरून मागाहून पाडलेलं, आणि भांडण-युद्धाचा अर्थ त्याला शीतयुद्धाच्या काळात चिकटला. अमेरिकी युद्धनीतितज्ज्ञ हर्मन कान यांनी तर १९६५ मध्ये संघर्ष अणुयुद्धापर्यंत कसा चढत जातो याची ४४ पायऱ्यांची शिडीच मांडली. (मुळाशी लॅटिन 'स्काला', म्हणजे शिडी. तटाला शिड्या लावून किल्ला घेण्याला इंग्रजीत 'एस्कलेड' म्हणतात. आपले मावळे माळा, म्हणजे दोराच्या शिड्या, लावून चढत, पण त्यावरून आपण क्रियापद काही पाडलं नाही.)

आता 'चिघळणे'. जखम हेळसांड झाली की चिघळते. 'संप चिघळला' म्हणजे तोडगा वेळेवर निघाला नाही. त्यात कुणाचा डाव असेलच असं नाही. 'चिघळवणे'त डाव आहे, पण सोबत ठपकाही आहे. शिवाय वाद चिघळतो, प्रश्न चिघळतो. 'तणाव चिघळला' मला कच्चं वाटतं. 'विकोपाला जाणे' ही तर शेवटची पायरी, अधल्यामधल्या पायऱ्यांना ते लावू नये.

दुसरं उत्तर: आयटीतल्या 'एस्कलेट'चं काय? 'उद्यापर्यंत झालं नाही तर एस्कलेट करीन' यात तीव्र काहीच होत नाही, तक्रार फक्त वरच्या टेबलावर जाते. 'साहेबांच्या कानावर घालतो' फार सौम्य. 'वरपर्यंत नेतो' म्हटलं की अर्थही येतो आणि दमही.

प्रश्नकर्ती: पटलं. बांधकामाच्या करारातलं 'एस्कलेशन' म्हणजे सरळ भाववाढच ना? आणि 'डी-एस्कलेट'? आमच्याकडे कुणीतरी 'तणावमुक्तीकरण' लिहून ठेवलंय.

उत्तर: भाववाढच. 'तणावमुक्तीकरण' मात्र आधी खोडा, ते योगासनांच्या शिबिराचं नाव वाटतं. तणाव 'निवळतो', इतका नेमका शब्द हाताशी आहे. मुद्दाम पावलं उचलली असतील तर 'तणाव निवळावा म्हणून सैन्य मागे घेतलं' असं मोकळं वाक्य करा.