विलीज एमबी: पावसात उचलत नाही, फोर-बाय-फोरचा दांडाही अडकतो

प्रश्न: १९४४ ची जीप, मूळ ६ व्होल्ट वायरिंग. म्हापशात पाऊस लागला की स्टार्टर रडतो. पुढच्या चाकांना ताकद जोडणारा फोर-बाय-फोरचा दांडाही निघत नाही.

– बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग (बॅटरी आणि इंजिनचा चासीशी असलेला वीजजोड) बघा. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टवर १२ च्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बारीक केबल मुळीच चालत नाही. इंजिन-चासी पट्टी काढून दोन्ही टोकं चकाकेपर्यंत घासा. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.५ मिमी ठेवा.

– दांडा डांबरावर अडकतो ना? या गाडीत मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नाही, वळणावर ताण साठतो. दोन-तीन मीटर सरळ मागे घ्या, सुटेल. डांबरावर टू-व्हीलच ठेवा.

– ओढ्यातून गेलात तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं तेलही बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.